५६ के मोडेम ते फायबर: दोन्ही वेग एका मापात आणायची रीत

कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका छपराखाली दोन काळ सुखाने नांदताना दिसतात. ऑफिसात २०० एमबीपीएसचं फायबर असतं आणि दहा पावलांवर शॉपमधलं, म्हणजे यंत्रं चालतात त्या भागातलं, सीएनसी मशीन (संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारं) ९६०० बॉडच्या केबलवरून प्रोग्राम घेत असतं. कुठे वजनकाट्याचा इंडिकेटर जुन्या मोडेमला (फोनच्या लाइनवरून डेटा पाठवणारा डबा) जोडलेला असतो, कुठे फॅक्स अजून चालू असतो. अशा ठिकाणी ‘फायबर जुन्याच्या किती पट?’ याचं उत्तर नीट काढावं लागतं, कारण त्यावर केबल कुठली ओढायची, काय बदलायचं आणि काय तसंच ठेवायचं हे ठरतं.

बहुतेक जण १०० एमबीपीएसला ५६ केबीपीएसने भागतात, १,७८६ उत्तर येतं आणि तिथेच थांबतात. भागाकार बरोबर आहे, पण हा खोक्यावर छापलेल्या दोन आकड्यांचा भागाकार झाला. मोठी फाइल उतरवताना खरा फरक २,४०० पटींच्या आसपास जातो, छोटं वेबपान उघडताना १०-२० पटींवर येतो आणि सीएनसीला प्रोग्राम पाठवताना काहीच फरक पडत नाही.

एकक आधी पक्कं करा

लाइनचा वेग बिटमध्ये सांगतात आणि फाइल बाईटमध्ये मोजतात. ८ बिटांचा एक बाईट. इंग्रजीत लिहिताना लहान बी म्हणजे बिट आणि मोठा बी म्हणजे बाईट. बिलावर, राउटरच्या पानावर, डाउनलोडच्या खिडकीत कुठला बी आहे ते पाहिल्याशिवाय एकही आकडा वहीत उतरवू नये. इथे चुकलं की उत्तर थेट आठ पटीने चुकतं.

लाइनच्या वेगात किलो म्हणजे १,०००, मेगा म्हणजे १०,००,०००. म्हणून केबीपीएस म्हणजे सेकंदाला हजार बिट आणि एमबीपीएस म्हणजे दहा लाख बिट. मोडेमच्या काळातही असंच होतं, आजही असंच आहे. फाइलच्या बाबतीत मात्र विंडोज १ एमबी म्हणजे १०,४८,५७६ बाईट धरतं. त्यामुळे एमबीला जवळजवळ ५ टक्के आणि जीबीला ७ टक्क्यांहून थोडा जास्त फरक पडतो. अचूक हिशेब हवा असेल तर फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये पूर्ण बाईटचा आकडा दिसतो, तोच घ्यावा.

तिसरा घोळ बॉडचा. बॉड म्हणजे एका सेकंदात लाइनवरचा संकेत किती वेळा बदलतो ते. ३०० च्या मोडेममध्ये एका बदलात एकच बिट जायचा म्हणून बॉड आणि बिट सारखेच होते, आणि तेव्हापासून लोक दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरू लागले. पुढच्या मोडेमनी एका बदलात अनेक बिट कोंबले. सीएनसीच्या सिरियल केबलवर मात्र आजही एका बदलात एकच बिट जातो, म्हणून तिथे ९६०० बॉड म्हणजे ९६०० बिट हे खरं आहे.

| मोडेमचं मानक | बिट प्रति सेकंद | बॉड | १०० एमबीपीएस किती पट (छापील) |
|---|---|---|---|
| व्ही.२१ | ३०० | ३०० | ३,३३,३३३ |
| व्ही.२२ | १,२०० | ६०० | ८३,३३३ |
| व्ही.२२ बिस | २,४०० | ६०० | ४१,६६७ |
| व्ही.३२ | ९,६०० | २,४०० | १०,४१७ |
| व्ही.३२ बिस | १४,४०० | २,४०० | ६,९४४ |
| व्ही.३४ (१९९४) | २८,८०० | ३,२०० | ३,४७२ |
| व्ही.३४ (१९९६) | ३३,६०० | ३,४२९ | २,९७६ |
| व्ही.९० (१९९८), येणारी बाजू | ५६,००० | ८,००० | १,७८६ |

जुन्या बिलावर नुसतं ‘ब्रॉडबँड’ लिहिलेलं असेल तर वर्ष पाहा. सरकारी व्याख्येनुसार २००४ मध्ये किमान २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत, २०१३ पासून ५१२ केबीपीएसला, आणि २०२३ पासून २ एमबीपीएसला. ५६ केच्या हिशेबात हे साडेचार पट, नऊ पट आणि जवळजवळ छत्तीस पट होतात.

मोडेमचा निव्वळ वेग

मार्केट यार्डात वजनातून बारदान वजा करून निव्वळ माल धरायची रीत आहे. इथेही तेच करायचं. लाइनवरून जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटला पत्ता, क्रमांक, तपासणीचे बिट असं बारदान असतं. मोडेमचं बारदान वेगळं, फायबरचं वेगळं. दोन्हीकडून ते काढून निव्वळ बाईट प्रति सेकंद काढले की मगच भागाकार करायचा.

आधी मोडेम खरंच किती वेगाने जोडला गेला ते शोधा. विंडोज ९५ किंवा ९८ च्या संगणकावर ‘१,१५,२०० वर कनेक्टेड’ असं दिसलं तर तो फोन लाइनचा वेग समजू नका. तो संगणक आणि मोडेम यांच्यामधल्या पोर्टचा वेग आहे. अनेक मोडेमना सुरुवातीच्या आज्ञेत ‘डब्ल्यू२’ जोडलं की ‘कनेक्ट’ शब्दापुढे लाइनचा खरा वेग येतो.

५६ के मोडेम पूर्ण ५६,००० वर जवळजवळ कधीच जोडला जात नसे, आणि त्याची कारणं लाइनमध्येच आहेत. टेलिफोन एक्स्चेंज आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतं, प्रत्येक नमुना ८ बिटांचा, म्हणून एका फोनचा डिजिटल वेग ६४,००० बिट. त्यातले ७ बिटच भरवशाने वापरता येतात, म्हणून ५६,०००. हे साधायला सेवा देणाऱ्याची बाजू एक्स्चेंजला थेट डिजिटल जोडलेली हवी आणि पूर्ण वाटेत डिजिटलचं अॅनालॉग एकदाच, म्हणजे ग्राहकाच्या तांब्याच्या जोडीवरच व्हायला हवं. जोडी लांब असली, खांबावरच्या सांध्यात पावसाचं पाणी शिरलं, घरात समांतर दुसरा फोन जोडलेला असला की वेग उतरतो. तो १,३३३ आणि एक तृतीयांश बिटांच्या पायऱ्यांनी उतरतो: ५२,०००, ५०,६६७, ४९,३३३, ४८,००० असा. कुणाच्या जुन्या टिपणात ‘४५,०००’ लिहिलेलं असेल तर तो ढोबळ केलेला आकडा आहे, मोडेमने दाखवलेला ४५,३३३ असणार. साधारण बऱ्या लाइनसाठी ४४,००० धरून हिशेब केला तर फसगत होत नाही.

जाणारी बाजू वेगळी धरायची. ग्राहकाकडून एक्स्चेंजकडे जाताना अॅनालॉगचं डिजिटल होतं आणि त्यात बारीक चूक राहतेच, म्हणून व्ही.९० मोडेम वर पाठवताना ३३,६०० च्या पुढे जात नाही. नंतरच्या व्ही.९२ मध्ये ही मर्यादा ४८,००० झाली.

आता बारदान. व्ही.४२ ही चूक-दुरुस्ती चालू असेल तर प्रत्येक बाईटच्या सुरुवातीचा आणि शेवटचा जादा बिट लाइनवर जात नाही. डायल-अपला विंडोज ९८ हे ५७६ बाईटचं पॅकेट धरायचं, त्यात ४० बाईट हेडर आणि ५३६ बाईट माल. सगळं मिळून नियम असा बसतो: व्ही.४२ चालू असेल तर लाइनच्या बिटांना ९ ने भागा, बंद असेल तर ११ ने. ४४,००० भागिले ९ म्हणजे सेकंदाला ४,८८९ बाईट.

एक गोष्ट इथे हमखास चकवते. व्ही.४२ बिसमध्ये दाबून पाठवायची सोय होती, साधा मजकूर असेल तर चार पटीपर्यंत. म्हणून ३३.६ केच्या मोडेमवर सेकंदाला सात-आठ हजार बाईट आल्याची नोंद सापडली तर ती मजकुराच्या फाइलची असते. झिप किंवा जेपीजी आधीच दाबलेली असते, तिला यातून काही मिळत नाही. तुलना नेहमी झिप फाइलवर करावी.

फायबरचा निव्वळ वेग

घरोघरी आलेलं फायबर बहुतांश जीपॉन पद्धतीचं आहे, म्हणजे एकच तंतू स्प्लिटरने अनेक घरांत वाटलेला. त्याचा येणारा वेग २.४८८ जीबीपीएस आणि जाणारा १.२४४ जीबीपीएस, पण तो एका स्प्लिटरवरच्या सगळ्या घरांत मिळून. स्प्लिटर १:३२ चा असेल आणि बत्तीसही घरांनी एकाच क्षणी पूर्ण ताकदीने ओढलं तर वाट्याला ७७ एमबीपीएस येतात. असा क्षण क्वचितच येतो, पण रात्री आठ ते दहा या वेळेत मोजलेला आकडा दुपारच्यापेक्षा कमी का, याचं उत्तर बहुधा इथे किंवा पुढच्या सामायिक लाइनमध्ये मिळतं.

मोडेम आणि फायबर यांचं मूळ एकच आहे हे आकड्यांतून दिसतं. जीपॉनची चौकट (एका वेळी जाणारा बिटांचा गठ्ठा) १२५ मायक्रोसेकंदांची, म्हणजे सेकंदाला ८,०००. एक्स्चेंज आवाजाचे जे ८,००० नमुने घेतं तेच हे. २,४८८.३२ एमबीपीएसला ६४ केबीपीएसने भागलं तर बाकी न उरता ३८,८८० येतात. म्हणजे एका जीपॉन तंतूच्या येणाऱ्या वेगात ३८,८८० टेलिफोन वाहिन्यांचे बिट मावतात. मधल्या पायऱ्याही याच मापाच्या: ई१ म्हणजे ३२ वाहिन्या, २,०४८ केबीपीएस. एसटीएम-१ म्हणजे १५५.५२ एमबीपीएस, त्यात ६३ ई१ बसतात. त्याच्या सोळा पट केलं की जीपॉनचा येणारा वेग.

इथरनेटचं बारदान अचूक काढता येतं. एका पूर्ण चौकटीत लाइनवर १,५३८ बाईटची जागा जाते. साध्या जोडणीत त्यात १,४६० बाईट माल असतो, पीपीपीओई (नाव-पासवर्ड देऊन होणारी जोडणी) असेल तर आणखी ८ बाईट जाऊन १,४५२ उरतात. म्हणजे ९४.९ किंवा ९४.४ टक्के. सोपा नियम: फायबरच्या बिटांना ८.५ ने भागा. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १,१७,६४,७०६ बाईट, ढोबळ ११.७६ एमबी.

हा ९४ चा आकडा लक्षात ठेवा, तो दोष पकडून देतो. २०० चा प्लॅन आहे आणि कितीही वेळा मोजलं तरी ९३-९४ च्या वर जात नाही, तर प्लॅनवाल्याला फोन करण्याआधी केबल पाहा. वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचं पोर्ट आहे, नाहीतर गिगाबिटची केबल दोनच जोड्यांवर चालली आहे. १०० एमबीपीएसला १, २, ३ आणि ६ या चार तारा पुरतात. गिगाबिटला आठही लागतात. ४, ५, ७, ८ पैकी एक जरी क्रिम्प करताना नीट बसली नाही किंवा फाउंड्रीच्या धुळीत आणि दमटपणात गंजली, की जोडणी न कळवता १०० वर उतरते. विंडोजच्या नेटवर्कच्या खिडकीत लिंक स्पीड १,००० दिसायला हवा.

मोजताना वायफाय बंद, लॅपटॉप केबलने थेट राउटरला, बाकीची यंत्रं काढलेली. दुपारी आणि रात्री, येणारा आणि जाणारा, दोन्ही वेळेस वेगवेगळा मोजा. ओएनटीच्या (फायबर येऊन संपतं तो डबा) पानावर प्रकाशाची पातळीही पाहा. बी-प्लस वर्गाच्या जीपॉनला उणे ८ ते उणे २७ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) ही मर्यादा आहे. उणे २५ च्या खाली गेलं असेल तर खिडकीच्या चौकटीत दबलेली वायर, घट्ट गुंडाळलेला पॅच कॉर्ड किंवा मळलेलं टोक शोधा. हिरव्या टोकाचा कनेक्टर निळ्या अडॅप्टरमध्ये घातलेला असेल तर तोही प्रकाश खातो, कारण हिरव्याचं तोंड तिरकं घासलेलं असतं. टोक पुसायला धागे न सोडणारं कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. चालू तंतूच्या तोंडात डोळा घालून कधीही पाहू नका, तो प्रकाश डोळ्याला दिसत नाही पण इजा करतो.

मोडेमच्या सवयीने फायबरचा दोष शोधणारे इथे चुकतात. लाइन खराब झाली की मोडेम पायरी-पायरीने खाली यायचा आणि चालू राहायचा. जीपॉनचा लाइनवरचा वेग ठरलेला आहे, तो उतरत नाही. प्रकाश कमी पडला की आधी चुका वाढतात, मग जोडणी तुटते. म्हणून ‘फायबर जरा हळू चालतंय’ अशी तक्रार असेल तर दोष बहुधा केबल, वायफाय किंवा गर्दीचा असतो, आणि ‘मधेच जातं, पुन्हा येतं’ असं असेल तर प्रकाशाची पातळी पाहावी.

आता भागाकार

४४,००० वर जोडलेला मोडेम आणि १०० एमबीपीएसचं फायबर: १,१७,६४,७०६ भागिले ४,८८९ म्हणजे २,४०६ पट. फाइल वर पाठवताना मोडेम ३१,२०० वर धरा, ९ ने भागून ३,४६७ बाईट. फायबरचा जाणारा वेगही १०० असेल तर फरक जवळजवळ ३,४०० पट.

तोंडी हिशेबासाठी दोन गुणक पुरेत. छापील तुलनेला एमबीपीएसला १८ ने गुणा, निव्वळ तुलनेला २४ ने. २०० चा प्लॅन म्हणजे ४,८०० मोडेम.

मोडेमचा वेळ फायबरच्या वेळेत बदलायचा असेल तर हे ध्यानात ठेवा: ४४ केच्या मोडेमचा एक तास म्हणजे १०० एमबीपीएसवर दीड सेकंद, २०० वर पाऊण सेकंद. रात्री आठ तास लावून ठेवलेलं डाउनलोड १०० वर बारा सेकंदांचं. २५ एमबीचं ड्रॉइंग, म्हणजे २,५०,००,००० बाईट, मोडेमवर ५,११४ सेकंद म्हणजे सव्वा तासाहून दहा मिनिटं जास्त घ्यायचं. फायबरवर दोन सेकंदांच्या जरा वर.

जे या गुणकाने बदलत नाही: वाट पाहण्याचा वेळ

काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद. कोल्हापूर ते मुंबई तंतूची वाट ४०० किलोमीटर धरली तर जाऊन-येऊन ४ मिलिसेकंद. वाटेतली यंत्रं धरून १०-१५ दिसले तर ते ठीकच म्हणायचं. मोडेमवर हाच आकडा १२० ते २०० असायचा. फरक १० ते २० पट, त्याहून जास्त नाही. ज्या कामात एक छोटा प्रश्न जातो, उत्तर येतं, मग पुढचा प्रश्न जातो, तिथे हाच गुणक धरायचा. टॅलीचा डेटा दुसऱ्या गावच्या संगणकावर ठेवून लांबून उघडणाऱ्यांना २०० चा प्लॅन ५०० चा करून काही जाणवत नाही ते यामुळेच.

जुन्या संगणकाची आणखी एक अडचण आहे. टीसीपीची खिडकी, म्हणजे पोच मिळण्याआधी पाठवता येणारा डेटा, वाढवायची सोय बंद असेल तर एका फेरीत जास्तीत जास्त ६५,५३५ बाईट जातात. अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन २०० मिलिसेकंद लागत असतील तर ६५,५३५ गुणिले ८ भागिले ०.२, म्हणजे २.६ एमबीपीएस. मागे १ जीबीपीएसचं फायबर असलं तरी हा आकडा हलत नाही.

सीएनसीला प्रोग्राम: अडसर केबलचाच

साच्याचा लांब प्रोग्राम कंट्रोलच्या (मशीन चालवणारा संगणक) मेमरीत मावत नाही, म्हणून संगणकावरून थोडा थोडा पाजत मशीन चालवतात. फॅनक कंपनीच्या कंट्रोलवर साधारण मांडणी ९६०० बॉड, ७ बिट, सम पॅरिटी (चूक पकडायचा बिट), २ स्टॉप बिट. एका अक्षराला १ सुरुवातीचा, ७ मालाचे, १ पॅरिटी, २ शेवटचे असे ११ बिट लागतात. म्हणजे सेकंदाला ८७२ अक्षरं.

तीन अक्षांची एक ओळ घ्या: एक्स १२.३४५, वाय ६७.८९०, झेड उणे १.२३४. प्रत्येकी सात अक्षरं आणि ओळ संपल्याचं एक, मिळून २२. म्हणजे सेकंदाला ३९ ओळी आणि थोडं वर. प्रत्येक ओळ टूलला ०.१ मिमी सरकवत असेल तर केबल जास्तीत जास्त २३८ मिमी प्रति मिनिट फीड (टूल सरकण्याचा वेग) पुरवू शकते. प्रोग्राममध्ये एफ १००० लिहिलेलं असलं तरी मशीन अडखळत चालतं आणि प्रत्येक थांब्याला साच्याच्या पृष्ठभागावर खूण उमटते. खरंच १,००० हवं असेल तर सेकंदाला १६७ ओळी, ३,६६७ अक्षरं, ४०,३३३ बिट लागतील. ३८,४०० वर ९५० च्या आसपासच जाता येतं, त्यासाठी कंट्रोल ५७,६०० घेणारा हवा.

केबल बदलण्याआधी फुकटातले उपाय करा. ओळींचे क्रमांक आणि मोकळ्या जागा पोस्ट प्रोसेसरमधून (मशीनच्या भाषेत प्रोग्राम लिहून देणारा भाग) काढा, दशांशाच्या शेवटचे शून्य काढा, कॅममध्ये (ड्रॉइंगवरून प्रोग्राम बनवणारं सॉफ्टवेअर) टॉलरन्स जरा सैल करून ओळींची संख्या कमी करा. कंट्रोलला मेमरी कार्डाची खाच असेल तर कार्डावरूनच चालवा, त्याने केबलचा प्रश्नच मिटतो.

ऑफिसातून शॉपपर्यंत लांब सिरियल केबल ओढू नका. आरएस-२३२ ला १५ मीटर हीच जुनी मर्यादा समजली जाते, आणि इंडक्शन फर्नेस किंवा वेल्डिंग शेजारी असेल तर तेवढीही टिकत नाही. मशीनपाशी सिरियल डिव्हाइस सर्व्हर (सिरियल केबलला लॅनशी जोडणारा डबा) बसवा आणि तिथपर्यंत लॅन केबल न्या. सिरियल केबल शील्डची, दोन-तीन मीटरचीच ठेवा, शील्ड एकाच टोकाला अर्थ करा.

इथे एक दोष ठरलेला आहे. कंट्रोलचा बफर भरला की तो ‘थांब’ असा एक्सऑफ संकेत पाठवतो. त्यानंतर दहा अक्षरांपर्यंत तो सहन करतो, त्यापुढे ८७ क्रमांकाचा अलार्म येतो. ९६०० वर दहा अक्षरं म्हणजे साडेअकरा मिलिसेकंद, ३८,४०० वर तीनसुद्धा नाहीत. एक्सऑफ नेटवर्कमधून संगणकापर्यंत जाऊन तिथून पाठवणं थांबेपर्यंत एवढा वेळ सहज निघून जातो, मग लॅन कितीही वेगवान असो. म्हणून फ्लो कंट्रोल डिव्हाइस सर्व्हरच्या स्वतःच्या मांडणीत चालू करा, म्हणजे थांबण्याचं काम मशीनशेजारीच होतं. ८५ चा अलार्म आला तर बॉड, पॅरिटी, स्टॉप बिट दोन्हीकडे जुळवा. ८६ आला तर केबलमधला तयार असल्याचा संकेत पोचत नाही, जोडणीच्या पिना तपासा.

तांब्याची जोडी गेली, मोडेम राहिला

तांब्याची लाइन काढून ओएनटीच्या फोन पोर्टवर तोच नंबर दिला की जुना मोडेम किंवा फॅक्स त्यावर लावून पाहिला जातो. बोलणं स्वच्छ ऐकू येतं, मोडेम मात्र जोडला जात नाही किंवा मिनिटभराने तुटतो. फायबरवर आवाज २० मिलिसेकंदांच्या पॅकेटमध्ये जातो. जी.७११ पद्धतीत एका पॅकेटमध्ये १६० बाईट आवाज, ४० बाईट हेडर आणि १८ बाईट इथरनेटचे, सेकंदाला ५० पॅकेट, म्हणजे ८७ केबीपीएस. ९.६ केबीपीएसचा मोडेम फायबरवरून न्यायला त्याच्या नऊ पट वेग लागतो, आणि तोही दोन्ही दिशांना.

वेग कमी पडत नाही, वेळ चुकते. एक पॅकेट हरवलं की ९६०० च्या मोडेमचे १९२ बिट एकदम जातात. पॅकेटची वाट पाहणारा बफर मधेच लहान-मोठा झाला की मोडेमचा ताल सुटतो. व्ही.९० तर इथे शक्यच नाही, कारण वाटेत अॅनालॉग दोनदा येतं.

सेवा देणाऱ्याकडून जी.७११ ए-लॉ ठेवून घ्या, आवाज दाबणाऱ्या जी.७२९ वर मोडेम चालत नाही. शांतता गाळण्याची सोय बंद, बफर स्थिर, कॉल वेटिंग बंद. फॅक्सला टी.३८ (पॅकेटमधून फॅक्स न्यायची पद्धत) मिळत असेल तर ते घ्या, नसेल तर वेग ९,६०० आणि ईसीएम (फॅक्सची चूक-दुरुस्ती) बंद. मोडेमला आपणहून वेग निवडू देऊ नका, व्ही.२२ बिसवर २,४०० ला बांधून टाका. तोच सगळ्यात जास्त टिकतो.

तरीही तुटत असेल तर दोन्ही टोकांचे मोडेम काढून तिथे डिव्हाइस सर्व्हर लावा. त्यात अक्षरं गोळा करायचा वेळ नीट भरा. शून्य ठेवला तर २,४०० बिटांच्या लाइनवरचं प्रत्येक अक्षर स्वतंत्र पॅकेटमधून जातं: सेकंदाला २४० पॅकेट, प्रत्येकाला किमान ८४ बाईटची जागा, म्हणजे १६१ केबीपीएस. २० मिलिसेकंद ठेवला तर ५० पॅकेट आणि नेमके ३३,६०० बिट. वजनकाट्याचा इंडिकेटर ओळीच्या शेवटी ठरलेलं अक्षर पाठवत असेल तर वेळेऐवजी त्या अक्षरावर पॅकेट तोडायला सांगा, नाहीतर एखाद्या गाडीचं वजन अर्धं एका पॅकेटात आणि अर्धं दुसऱ्यात जाऊन पावतीवर चुकीचा आकडा छापला जाईल.